दोन बोटं माया

मास्तरांनी लेकीचा कोट खुंटीवरून काढला, उलटा केला आणि खिडकीपाशी नेऊन बगलेतली टीप निरखू लागले. परदेशात येऊन त्यांना चौथा दिवस होता आणि घरातला एकही कपडा त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले. काल तर शेजारीण दाराशी दोन शब्द बोलायला थांबली, तेवढ्यात मास्तरांनी वाकून तिच्या स्कर्टची दुमडही बघून घेतली. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, असं कोणाच्या कपड्यांकडे बघू नये."

"मी कपड्यांकडे कुठे बघतो? शिलाईकडे बघतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

खरं तर ते शिलाई बघायला आलेच नव्हते. ते लेकीला परत न्यायला आले होते. आठ वर्षं झाली, आता पुरे, असं घरात ठरलं होतं. ठरवताना लेकीला तेवढं विचारायचं राहिलं होतं. गावातल्या त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानावरची खोली रंगवून झाली होती, आणि निघताना बायकोने बजावलं होतं, तिला घेऊनच या. मास्तरांनी सोबत तीन नवे ड्रेस आणले होते, परतीच्या प्रवासात आणि पुढे घालायला. माप अर्थात वहीतलं. मास्तर एकदा माप घेत, पुन्हा कधी घेत नसत, आणि त्यांचं कापड अंगावर असं चोपून बसे की गावात कापड बेतण्यात त्यांना तोड नव्हती. दुकानात त्यांच्याच अक्षरात पाटी होती, इथे दुरुस्ती केली जात नाही.

पहिल्याच दिवशी लेक त्यातला एक ड्रेस घालून बाहेर आली ती हात अर्धवट वर अडकलेल्या अवस्थेत. तिला हसू आवरेना. मास्तरांना काही हसू आलं नाही. खांदा दीड बोट वाढला होता.

"पोहते ना मी आता. सहा वर्षं झाली," ती म्हणाली.

मास्तर बघतच राहिले. हीच मुलगी लहानपणी गुडघाभर पाण्यात उतरायची म्हटलं तरी घर डोक्यावर घ्यायची. सहा वर्षं पोहते आणि आपल्याला पत्ता नाही. ड्रेस उसवून वाढवावा तर आत जेमतेम दोरा धरेल एवढंच कापड होतं.

कोट पुन्हा खुंटीवर गेल्यावर लेकीने ते तिन्ही ड्रेस पिशवीत भरले आणि बाबांना घेऊन रस्त्याच्या टोकाच्या दुकानात गेली. तिथे एक बाई फक्त जुने कपडे दुरुस्त करायची. मास्तरांच्याच वयाची, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. तिने ड्रेस उलटा केला, शिवण बघितली, मास्तरांकडे बघितलं आणि 'चक्' केलं. चाळीस वर्षांत मास्तरांच्या कामावर कोणी 'चक्' केलं नव्हतं. ते तडक निघालेच असते, पण टेबलावर एक उसवलेला कोट पडला होता आणि मास्तरांचे पाय तिथेच अडकले.

कोटाच्या प्रत्येक शिवणीत चांगलं दोन बोटं कापड आत दडवलेलं होतं. त्यावर सुईच्या जुन्या भोकांच्या दोन रेघा. लेक मध्ये उभी राहून अर्थ सांगत होती. कोट आधी एका काकाचा, मग त्याच्या पुतण्याचा, आता पुतण्याच्या मुलीसाठी चालला होता. मास्तरांनी अंगठ्याने त्या रेघा चाचपल्या आणि विचारलं, एवढं कापड शिंप्याने वाया का घालवलं?

"ती म्हणते, माणूस एकदा कोट घालून दुकानाबाहेर पडला की पुढे त्याचं काय होणार, ते शिंप्याला कुठे ठाऊक असतं."

मग बाईने विचारलं, या आतल्या कापडाला तुमच्या भाषेत काय म्हणतात? लेक म्हणाली, माया. शब्दाचा दुसरा अर्थ सांगताना मात्र तिची पंचाईत झाली. शेवटी तिने ओशाळून बाबांच्या दंडावरून हात फिरवला. बाईला समजलं. तिने पुन्हा ती ड्रेसची शिवण हातात घेतली आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाली?"

"काही नाही, बाबा."

"सांग की."

लेक खाली बघून म्हणाली, "म्हणाली, मग यात का नाही ठेवली?"

मास्तरांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच दुकानात हजर होते, आणि तिसऱ्या दिवशीही. ती बाई सुई टोचू नये म्हणून टोपण कुठल्या बोटात घालते, जुना दोरा न तोडता कसा ओढते, सगळं त्यांना बघायचं होतं. ही चौकशीची खोड हळूहळू लेकीकडेही वळली. ती नेमकं काय काम करते हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. गावात ते 'मोठ्या ऑफिसात आहे' एवढंच सांगत. ती पूल तपासते, हे आता कळलं. एका रविवारी तिने त्यांना पुलाखाली नेलं, हातोडीने खांबावर ठोकून दाखवलं आणि आत पोकळ असलं तर आवाज कसा बदलतो ते ऐकवलं. मास्तरांनीही तासभर ठोकून बघितलं. घरी येईपर्यंत ते प्रश्न विचारत होते आणि ती हातवारे करून सांगत होती. इतकं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

जायला तीन दिवस उरले तेव्हा मास्तरांनी नवं कापड आणलं आणि लेकीला दिवाणखान्यात उभं केलं. आठ वर्षांनी तिच्या खांद्याला टेप लागली.

"दोन बोटं माया सोडतोय सगळीकडे," ते म्हणाले.

"एवढी? मी काय अजून रुंद होणार आहे?"

"मला काय माहीत? तुला तरी कुठे माहीत आहे?"

ती हसली. बाबा कशासाठी आलेत हे तिला कधीच कळून चुकलं होतं. इतके दिवस दोघांनीही टाळलेली गोष्ट शेवटी तिनेच काढली.

"आईला काय सांगणार? मी येत नाही म्हणून?"

मास्तरांनी खांद्याचं माप कागदावर टिपलं.

"सांगेन, आत्ता कुठे ओळख होतेय. बाकीचं नंतर बघू."

टेप तिच्या छातीभोवती आली तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, ती श्वास रोखून, अंग चोरून उभी होती.

"श्वास सोड," ते म्हणाले. "आहेस तशी उभी राहा."