सेते केदासचं पाणी

"जाळी आहे ही, जाळी! कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली!"

भल्यामोठ्या चपट्या पडद्यासमोर उभा राहून क्लेबेर ओरडत होता आणि ब्राझीलमधल्या सांतो आंद्रेच्या क्लबच्या हॉलमधली पन्नासएक माणसं खिदळत होती. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मेगा ड्राइव्ह या जुन्या गेमच्या यंत्रावर खेळणारी मंडळी इथे जमत. आज एक नवा गेम विकायला होता. यंत्र पस्तीस वर्षांचं, गेम कालचा. आणि क्लेबेरच्या चॅनेलवर त्याचं मत ऐकून लाखभर लोक आपलं मत ठरवत.

"उड्या झकास, गाणी झकास. पण हा धबधबा? चित्रकाराला चष्मा लागलाय का हो?"

चित्रकार मागच्या रांगेत उभा होता, चष्मा लावूनच. जेनेझिओ प्रातेस, वय एकसष्ट, जन्म गेला टीव्ही दुरुस्त करण्यात. हातातली कोशीन्या, कोंबडीचं सारण भरलेला तो वडा, त्याने कागदासकट चुरगाळली. दीड वर्ष! दुकान बंद करून रोज संध्याकाळी तो एकेक ठिपका मांडत बसला होता, आणि हा सोम्यागोम्या त्याला खुराडं म्हणतो?

"ए दीडशहाण्या! कशावर पाहिलास तू तो?"

क्लेबेर हसला. "कॉम्प्युटरवर, काका. सगळे पाहतात तसा."

"सगळे खड्ड्यात जाऊ देत! इकडे ये. ये म्हणतो ना!"

कोपऱ्यातल्या टेबलावर त्याचा वीस इंची डबा टीव्ही होता. सकाळी भाच्याच्या गाडीतून आणताना त्याची कंबर धरली होती. अजून एकाही माणसाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. जेनेझिओने पिवळ्या पिनेची वायर लावली, गेमची आपली कार्ट्रिज खोचली आणि दुसरी पातळी सुरू केली.

चपट्या पडद्यावर पाण्याची एक उभी रेघ, मग एक रिकामी, मग पुन्हा पाण्याची, अशी ती जाळी स्पष्ट दिसे. पण जुन्या वायरीतून जुन्या काचेवर येताना त्या रेघा एकमेकींत विरघळत. म्हणून तर तशा काढायच्या! त्या काळी सगळे तशाच काढत. आता डब्यावर पाणी पातळ झालं, वाहू लागलं, आणि पाण्याआडचे काळे खडक दिसू लागले. वर झुलता पूल होता, खाली फेस होता.

क्लेबेर वाकून बघत राहिला.

"सेते केदास," जेनेझिओ म्हणाला. "खराखुरा धबधबा होता तो. माझं गाव ग्वाइरा, तिथला. त्या पुलाच्या तोंडाशी माझी आई केक विकायची. धरण भरलं आणि तो बुडाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो."

"सुंदर आहे हो, काका. शपथ." क्लेबेर सरळ झाला. "पण असा डबा आज कोणाकडे आहे? मी लोकांना काय सांगू, आधी भंगारवाल्याकडे जा, मग गेम घ्या?"

"गेम कुठल्या यंत्रासाठी काढलाय? फ्रिजसाठी? चमच्याने मांस कापायचं आणि धार नाही म्हणून बोंबलायचं! मत देण्याआधी निदान वायर तरी लावायचीस, मेल्या!"

कोणीतरी हसलं. क्लेबेरने खांदे उडवले. "चिडता कशाला? नाहीतरी नव्या खेपेत ते नीट केलंय ना तुमच्या जोझियानीने, मघाशीच सांगत होती."

जेनेझिओने तिच्याकडे पाहिलं. जोझियानी म्हणजे त्याची भागीदार. गेमची सगळी आज्ञावली तिची, चित्रं याची. ती विक्रीच्या टेबलामागे कार्ट्रिजांवर लेबलं लावत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"काय नीट केलंयस गं?"

"दादा, मी आज संध्याकाळी सांगणारच होते."

"काय केलंस ते बोल."

"पहिल्या शंभर प्रती गेल्या ना, त्यावर मत कळवणाऱ्या दहातल्या आठ जणांनी धबधब्यालाच नावं ठेवली. दुसरी खेप अडली असती. तुला विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं!"

"म्हणूनच नाही विचारलं."

त्याने तिच्यासमोरची नवी कार्ट्रिज उचलली, टीव्हीपाशी नेली आणि खोचली. दुसरी पातळी आली. पूल होता. पुलाखाली वरपासून खालपर्यंत एकसारखा निळा रंग होता. स्वच्छ, गुळगुळीत. कोणालाही नाव ठेवायला जागा नव्हती.

"खडक कुठे गेले?"

जोझियानी त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा आवाज मऊ झाला. "आहेत रे दादा. एकही पुसला नाही मी, देवाशप्पथ. खालीच आहेत. वरून फक्त रंग दिलाय."

जेनेझिओ गर्रकन वळला.

"हेच म्हणाले होते ते धरणवाले! टाय लावलेला साहेब चर्चच्या ओट्यावर उभा राहून हेच म्हणाला होता. काही फुटत नाही, काही मोडत नाही, खडक जागच्या जागी आहेत, फक्त वरून पाणी येणार. माझी आई त्याला म्हणाली, मग मी केक कोणाला विकू, माशांना? तेव्हा लोक असेच हसले होते!"

आता मात्र कोणी हसलं नाही.

"दादा, पुढच्या खेपेला आपण दोन्ही—"

"गेमच्या पेटीवरून माझं नाव काढ. हे मी काढलेलं नाही."

"सगळ्या छापून आल्यात रे."

"मग खोड. पेन आहे ना तुझ्याकडे?"

ती उभीच राहिली. मग टेबलाकडे गेली, काळं पेन घेतलं आणि पहिली पेटी पुढ्यात ओढली. नाव खोडताना तिने दोनदा डोळे पुसले. जेनेझिओने पाहिलं, पण त्याचा राग तसूभरही कमी झाला नाही.

चारच्या सुमारास मंडळी आवरू लागली. त्याने नवी कार्ट्रिज उपटून काढली, आपली जुनी लावली आणि खुर्ची ओढून बसला. गेममधला गडी पुलाच्या मधोमध नेऊन थांबवला. क्लेबेर जाता जाता मागे थांबला. "काका, पुढे न्या की त्याला. वेळ चाललाय."

जेनेझिओने त्याला तिथेच उभं ठेवलं. पडद्याच्या कोपऱ्यातले वेळेचे आकडे शून्यावर आले आणि गडी पुलावर आडवा पडला. जेनेझिओने पुन्हा सुरुवातीचं बटण दाबलं.