सातच्या पोटातली रेघ

फिर्मांच्या खानावळीत दर दोन महिन्यांनी सात माणसं जमायची आणि प्रत्येकाने आपापल्या तळघरातली वाइनची एक जुनी बाटली आणायची. पंधरा वर्षं हे चाललं होतं. बोन या फ्रेंच गावात अशा टोळ्या पैशाला पासरी आहेत, पण या टोळीचा तोरा वेगळा होता. इथे बाटली वीस वर्षांच्या आतली असली तर आणणाऱ्याकडे लोक असे बघायचे की जणू त्याने सरबत आणलंय.

ओदिल व्हेर्निये या टोळीत अकरा वर्षं होती. पोस्टातून निवृत्त झालेली, त्रेसष्ट वर्षांची, एकटी. अकरा वर्षांत तिने बऱ्या बऱ्या बाटल्या आणल्या, पण आपल्या बाबांची एकदाही आणली नव्हती. आज आणली होती. अठ्ठ्याहत्तर सालची, बाबांच्या हातची, लेबलावर बाबांचंच वाकडं अक्षर.

इतकी वर्षं न आणण्याचं कारण टेबलाच्या डोक्याशी बसलं होतं. मस्यो ग्रिव्हो. पंचाहत्तरीचा, गुलाबी गालांचा, एके काळचा वाइनचा मोठा व्यापारी. चव घेण्यात त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं निदान त्याला स्वतःला वाटायचं, आणि बाकीचे त्याला तसं वाटू द्यायचे.

ऐंशी सालच्या वसंतात हाच ग्रिव्हो बाबांच्या तळघरात आला होता. गळ्यात चव घ्यायची चांदीची वाटी, पायात शहरी बूट. ओदिल चोवीस वर्षांची होती, मेणबत्ती धरून उभी होती. बाबांनी पिंपातून वाइन काढली. ग्रिव्होने घोट घेतला, तोंडात फिरवला, मातीत थुंकला आणि म्हणाला, "प्रामाणिक आहे हो, ऑग्युस्त. पण गावठी." एवढं बोलून निघून गेला. त्याच्या बुटांच्या आधी तो शब्द गावात पोचला. दुसरा एकही व्यापारी त्या वर्षी दाराशी फिरकला नाही. बाबांनी सगळा माल दुसऱ्या वाइनमध्ये मिसळायला म्हणून मातीमोलाने देऊन टाकला आणि घरापुरत्या काही बाटल्या भरून ठेवल्या. पुढे पाहुणे आले की बाबा हसत हसत ओतायचे, "घ्या, गावठी घ्या." ते हसणं ऐकलं की ओदिल उठून आत जायची. मग द्राक्षांचा मळा गेला, बाबाही गेले. नऊ बाटल्या उरल्या होत्या. त्यातली एक आज ती कडेवरच्या लेकरासारखी घेऊन आली होती.

तिला फार काही नको होतं. ग्रिव्होच्या तोंडून, चारचौघांत, एवढंच ऐकायचं होतं की वाइन चांगली आहे. आणि जमलं तर बाबांची बाटली त्या फळीवर बघायची होती. काउंटरच्या वर एक फळी होती. ज्याची वाइन त्या संध्याकाळी सर्वांत सरस ठरेल, त्याची रिकामी बाटली तिथे कायमची मांडायची असा टोळीचा रिवाज. ग्रिव्होच्या नऊ बाटल्या तिथे होत्या. नऊ!

जूनमधली संध्याकाळ होती, बाहेर लख्ख ऊन. दारात शिरतानाच प्रत्येकाने टोपीतून चिठ्ठी उचलायची. जो नंबर येईल तो फिर्मां कागदाच्या पट्टीवर लिहून बाटलीच्या मानेला बांधायचा. मग मागच्या खोलीत नेऊन गाळ खाली ठेवत वाइन काचेच्या सुरईत काढायचा, आणि पट्टी बाटलीवरून सोडून सुरईला बांधायचा. कोणती सुरई कुणाची हे शेवटपर्यंत गुपित. शेवटी एकेकाने उठून आपला नंबर सांगायचा. तोवर आपल्या बाटलीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर बाटली बाद.

ओदिलने चिठ्ठी उघडली. तिच्या खांद्यावरून दातांचा डॉक्टर ल्युसियां डोकावला. तिचा जुना मित्र, पण तोंडात तीळ भिजायचा नाही.

"सात! शेवटची पंगत गं तुझी!" तो हसत ओरडला.

"झालं! आता बँड लाव," ओदिल म्हणाली. पण ग्रिव्होने ऐकलं होतं. त्याने नुसती भुवई उचलली.

सगळे बसले. चीज घातलेले गरम, फुगलेले गोळे आले, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी आल्या, आणि फिर्मांने पहिली सुरई फिरवली.

ओदिलने ग्लास नाकाशी नेला आणि तिचा हात तिथेच थांबला.

ओली पानं. चेरीची बी फोडल्यावर येतो तो कडवट वास. आणि त्यामागून बाबांच्या तळघराची कडी काढताच अंगावर येणारा तो दगडी गारवा. ही तर बाबांचीच! पण बाबांची सातवी यायला हवी होती. तिने पुन्हा वास घेतला. घोट घेतला. छे, शंकाच नको. आईच्या हातची आमटी माणूस डोळे बांधले तरी ओळखतो.

ती तोंड उघडणार तेवढ्यात ग्रिव्हो बोलला.

"अहाहा! ही बघा. याला म्हणतात वाइन."

ओदिलने तोंड मिटलं.

"काय अंग आहे! काय घराणं आहे! चाळीस वर्षं झाली असतील आणि अजून कंबर ताठ. असल्या वाइनपुढे माणसाने टोपी काढावी." ग्रिव्होने डोळे मिटून दुसरा घोट घेतला. टेबलावर कुजबुज झाली. ल्युसियांने सुरई ओढून दुसऱ्यांदा भरून घेतली. एकाने तर पाव घेऊन ग्लासाचा तळ पुसला, हे त्या टेबलावर कधी झालं नव्हतं.

खरं तर ओदिलने तेव्हाच उठायला हवं होतं. पण एकोणचाळीस वर्षं ज्या शब्दांसाठी कान आसुसले होते, ते शब्द मुसळधार पडत असताना छत्री कोण उघडतं? शिवाय बोललं की बाटली बाद. पट्टी चुकली असेल, शेवटी उलगडा होईलच, असं तिने मनाला समजावलं आणि हावरटासारखी ऐकत राहिली. ही तिची चूक, आणि ती तिची तिलाच भोवली.

दुसरी, तिसरी, चौथी झाली. शेवटी सातवी आली. जड, गर्विष्ठ, पण दार बंद करून बसलेली वाइन होती. थोडा वेळ दिला असता तर बोलती झाली असती. ग्रिव्होने ओदिलकडे एकदा बघितलं, ग्लासाला नाक लावलं न लावलं आणि ओठ मुरडले.

"प्रामाणिक आहे," तो म्हणाला. "पण गावठी."

तोच शब्द, आणि तोच सूर. ओदिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सातवीला कुणी दुसऱ्यांदा हात लावला नाही. सुरई अर्ध्याहून जास्त तशीच राहिली.

मग नंबर उघडायची वेळ झाली. ग्रिव्हो सावकाश उठला. लिलावात घेतलेली, नामांकित मळ्याची, एकाहत्तर सालची. स्वतःही आजवर चाखली नव्हती, असं सांगून त्याने छाती फुगवली.

"एक नंबर माझा."

टाळ्या पडल्या. ओदिल टाळ्या संपायची वाट न बघताच उठली.

"एक नंबर माझ्या बाबांची आहे, अठ्ठ्याहत्तरची."

हशा पिकला.

"अगं, तुझी सातवी," ल्युसियां म्हणाला. "मी बघितली ना चिठ्ठी."

"चिठ्ठी सातचीच. पट्ट्यांची अदलाबदल झालीय. पहिली बाबांची आहे, मी पहिल्या घोटाला ओळखली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" ग्रिव्होने गोड आवाजात विचारलं.

खरं कारण टेबलावर मांडण्यासारखं नव्हतं. ती फिर्मांकडे वळली.

"फिर्मां, माझी बाटली आणा. तळाशी गाळ असेल. वास घेऊन बघू देत सगळे."

फिर्मांने पुसायचं फडकं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "बाटल्या धुऊन पालथ्या घातल्यात, मादाम. फळीवर खरकटी बाटली कशी ठेवायची?"

"आजच बरी स्वच्छतेची हौस आली!"

तिने दोन्ही सुरयांच्या पट्ट्या सोडवल्या आणि दिव्याखाली धरल्या. तेव्हा तिला कळलं. बोन गावात लिहितात तो एक म्हणजे डोक्याला लांब शेंडी असलेली काठी. सात पण तशीच, फक्त तिच्या पोटात आडवी रेघ. ती रेघ विसरली की एक आणि सात सख्खे भाऊ. फिर्मां घाईत रेघ मारायला विसरला असणार, मागच्या खोलीत त्याच्या हातात दोन-दोन एक आले असणार, आणि बाहेर येऊन विचारायची लाज वाटली म्हणून त्याने अंदाजपंचे एकाला रेघ मारून सात केलं असणार.

"हे बघा! आकडा काळ्या शाईचा, रेघ निळी. ही रेघ नंतर मारलीय. फिर्मां, खरं सांगा."

फिर्मांने ग्रिव्होकडे बघितलं. वर्षाच्या शंभर जेवणावळी ग्रिव्होच्या शब्दावर त्याच्याकडे यायच्या. मग त्याने छताकडे बघितलं. "पेन अडलं असेल, मादाम. दुसरं घेतलं असेल. कुणाच्या लक्षात राहतं?"

"ल्युसियां, तू तरी बोल!"

"जाऊ दे ना, ओदिल. बाबांची म्हणून तुला वाटणारच. आपला तो बाब्या." आणि मूर्खासारखा स्वतःच हसला.

ओदिलला वाटलं, टेबलक्लॉथ धरून सगळं खाली ओढावं. इथे बसलेली सात नाकं पावसाळी साल आणि उन्हाळी साल हुंगून सांगणारी, मळ्याची वरची ओळ आणि खालची ओळ ओळखणारी. आणि एकाला एवढं सुचेना की पुन्हा एकदा वास घ्यावा!

नाही, एकाने घेतला होता. ग्रिव्होने सातवीचा ग्लास पुन्हा उचलला होता. एव्हाना ती वाइन वाऱ्याने मोकळी झाली असणार. त्याने नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. ओदिल बघत होती. त्याचे कान हळूहळू लाल झाले. त्याने ग्लास खाली ठेवला, अगदी अलगद.

"सात म्हणजे सात," तो म्हणाला.

"नक्की?"

"पट्टी बोलते, मादाम. मी कशाला बोलू?"

"म्हणजे ही सातवी माझी."

"तुमचीच."

"उरलेली वाइन ज्याची त्याने न्यायची, हाही रिवाज आहे ना?"

"अर्थात."

ओदिलने सातवी सुरई उचलली. स्वयंपाकघराचं अर्धं दार टेबलापासून चार पावलांवर होतं. आत फिर्मांची बायको जोझेत गोमांसाच्या रश्श्याच्या भल्या थोरल्या पातेल्यापाशी उभी होती. ओदिलने दार लोटलं, ते उघडंच ठेवलं, आणि सुरई पातेल्यावर धरली.

"अहो मादाम, अर्ध्याच्या वर आहे की ही!" जोझेत किंचाळली.

"गावठी आहे गं. रश्श्यालाच बरी."

तिने मागे वळून बघितलं. ग्रिव्हो खुर्चीतून अर्धा उठला होता. दोन्ही हात टेबलावर, तोंड उघडं. एक शब्द पुरे होता. थांबा, एवढंच. ओदिलने त्याला वेळ दिला. हवा तेवढा दिला.

ग्रिव्हो खाली बसला.

तिने ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत ओतली, आणि ओततानाच तिला रडू यायला लागलं. त्या वाइनचा काय दोष होता? तीही कुणीतरी राबून केलेली होती. कुणाच्या तरी बाबांनी.

बाहेर आली तेव्हा फिर्मां स्टुलावर चढून ग्रिव्होची दहावी बाटली फळीवर मांडत होता. लेबल सरळ आहे का, म्हणून सगळे खालून सूचना देत होते. तिची बाटली धुऊन पुसून तिच्या पिशवीत घातलेली होती. ओदिलने कुणाचा निरोप घेतला नाही. दाराशी खुंटीवरची शाल काढत होती, तेव्हा मागून पावलं वाजली.

ग्रिव्हो होता. एकटाच. टेबलाकडे पाठ करून उभा राहिला.

"मादाम व्हेर्निये." आवाज इतका खाली की शालीच्या घडीत मावेल. "ती अठ्ठ्याहत्तरची... घरी अजून आहे का एखादी?"

ओदिलने त्याच्याकडे बघितलं. गुलाबी गाल उतरले होते. डोळ्यांत भूक होती, जत्रेत मिठाईच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्यांत असते तशी.

"काय म्हणालात?"

"अठ्ठ्याहत्तरची. तुमच्या वडिलांची."

"जरा मोठ्यानं विचारा, मस्यो ग्रिव्हो. त्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं."

त्याने मान वळवली. टेबलावर हसणं चाललं होतं. ल्युसियां ग्लास उंचावून "दहा झाल्या! दहा!" असं ओरडत त्यालाच बोलावत होता. ग्रिव्होचे ओठ हलले. एकदा हलले, दोनदा हलले. मग मिटले.

"काही नाही," तो म्हणाला. "सांभाळून जा. पायऱ्या धुतल्यात, निसरड्या आहेत."

बाहेर अजून उजेड होता. ओदिल रिकामी बाटली पोटाशी धरून चालत राहिली. घरी तळघरात आठ होत्या. मोठ्यानं विचारलं असतं तर तिने एक नाही, दोन दिल्या असत्या. मेल्याला तेवढंही जमलं नाही.