सॉरल नेकचं एकच कार्ड

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत दाराशीच पिवळ्या कार्डांचा गठ्ठा ठेवला होता. ज्याला आजच्या सुनावणीत बोलायचं असेल त्याने एक कार्ड भरायचं. नाव, पत्ता, आणि सनदेतला बदल मान्य आहे की नाही, एवढंच लिहायचं. पाच वाजले की टेबल उचलणार, मग कुणाचं कार्ड घेणार नाहीत.

सॉरल नेक या खाडीकाठच्या गावची एकेचाळीस माणसं चर्चच्या दोन बसगाड्यांतून उतरली तेव्हा पाचाला दहा मिनिटं होती. मंगळवार असून सगळ्यांच्या अंगावर रविवारचे कपडे. बायकांच्या डोक्यावर टोप्या, पुरुषांचे बूट चकचकीत. पुढे होते चर्चचे वडीलधारे सेवक, डीकन होझिया टिलरी, वय वर्षं एक्याऐंशी. नेकच्या चर्चला पाळक महिन्यातून दोनदाच लाभायचे. उरलेल्या रविवारी प्रार्थना उचलायची ती डीकननीच, आणि खरं सांगायचं तर लोक त्या रविवारीच जास्त यायचे.

चर्चमध्ये जिला सगळे सिस्टर म्हणत त्या व्हर्डेल म्यूझने, म्हणजे शाळेत तीस वर्षं मुलांना जेवू घातलेल्या बाईने, गठ्ठ्यातली चारपाच कार्डं उचलली. "डीकन, आपण सगळ्यांनीच एकेक भरूया का?"

"कशाला?" डीकन म्हणाले. "देवाच्या घरी आपण चाळीसजण एकदम बोलतो का? एकाने उचलायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. वेगवेगळे उभे राहिलो तर म्हणतील, हे गाव फुटलंय."

"पण प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात म्हणे."

"तीन मिनिटांत डीकनचा नुसता खोकला होतो," गाडी चालवणारा क्लीओफस म्हणाला. सगळे हसले, डीकनही हसले. व्हर्डेलने कार्डं परत ठेवली. भरलं गेलं ते एकच, डीकनच्या थरथरत्या अक्षरातलं.

प्रश्न साधा होता. काउंटीच्या सनदेत छत्तीस वर्षांपासून एक कलम होतं: सॉरल नेकचा एक सभासद, नेकच्याच लोकांनी निवडलेला, काउंटीच्या मंडळात बसेल. आता दुरुस्ती समितीचं म्हणणं पडलं की असे वेगळे विभाग नकोत, सगळे सभासद सगळ्या काउंटीने मिळून निवडावेत. ऐकायला गोड. पण नेकची मतं जेमतेम तीनशे आणि काउंटीची चाळीस हजार. त्या पुरात नेकचा माणूस कुठून तरंगायचा?

डीकनना त्या कलमाचं मोल दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ते कलम नव्हतं तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबरातली भरती नेकच्या रस्त्यावर चढली होती आणि पलीकडच्या टोकाला रुग्णवाहिका दिवे लावून नुसती उभी होती. त्यांची लेक लिओटा नऊ वर्षांची. दम्याने जीव कासावीस झालेली. डीकननी तिला खेकड्यांच्या होडीत घातलं आणि वल्ही मारत निघाले. होडी काठाला लागली तेव्हा तिचा श्वास थांबला होता, घाईचं कारणच उरलं नव्हतं. रस्ता उंच करा म्हणून नेकच्या लोकांनी त्याआधी किती वर्षं अर्ज केले होते, पण मंडळात त्यांचं म्हणायला माणूसच नव्हता. पुढे सनदेत जागा मिळाली आणि नेकच्या पहिल्या सभासदाने पहिल्याच वर्षी तो रस्ता कंबरभर उचलून घेतला. त्या भरावावरून जाताना डीकन आजही टोपी काढतात.

हेच त्यांना सांगायचं होतं. आठवडाभर ते मनात घोळवत होते. शेवटी लिओटाचं नाव घ्यायचं, आणि मग म्हणायचं, आमची जागा काढू नका.

दालनात समितीचे सातजण उंचावर बसले होते. समोर माइक, आणि माइकजवळ छोटा दिवा. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, तांबडा म्हणजे बस. आधी सहाजण बोलले. सगळे बदलाच्या बाजूने. जमीनजुमल्याचे व्यवहार करणारा एक, निवृत्त इंजिनिअर एक, कुणी कागद वाचला, कुणी आकडे मांडले. एकानेही पुरती तीन मिनिटं घेतली नाहीत.

मग पुकारा झाला, "मिस्टर होझिया टिलरी."

डीकन उठले, तशी मागची चाळीस माणसं किंचित सरसावून बसली. आता ज्यांनी नेकच्या चर्चमधलं हे कीर्तन कधी ऐकलंय त्यांना सांगायला नको, पण त्यात पहिलं वाक्य कधीच मोठ्याने येत नाही. ते जमिनीलगत येतं, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. बोलणारा थांबतो. मागून साथ येते. त्या साथीवर पाय ठेवून तो पुढची पायरी चढतो. पूर्वरंगाला वेळ लागतो, पण एकदा आवाज चढला की शब्द आणि गाणं वेगळं काढता येत नाही, आणि मग दगडालाही पाझर फुटावा.

"मी आज सकाळी उठलो..." डीकन हळूच म्हणाले, आणि थांबले.

"होय, उठलात!" मागून आलं.

"माझ्या हातापायांत अजून हालचाल होती..."

"देवाची कृपा!"

"श्रोत्यांनी कृपया शांत राहावं," अध्यक्षबाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. नियम होता.

मागचे गप्प झाले. डीकन थांबून राहिले. साथ येईना, म्हणून पुढचा शब्दही येईना. साठ वर्षांची सवय. अखेर व्हर्डेलला राहवलं नाही. ती दबक्या आवाजात "सांगा, डीकन," म्हणाली, आणि ते पुढे सरले. आजोबांनी नेकवर पहिलं घर कसं बांधलं. चर्चचे खांब होडीच्या लाकडाचे कसे. हळूहळू आवाजाला ऊब आली. पिवळा दिवा कधी लागला ते त्यांना कळलंच नाही.

"आणि मग ऑक्टोबर आला," डीकन म्हणाले. आवाज आता वर निघाला होता, शेवटचा स्वर लांबत होता. "पाणी आलं..."

"पाणी आलं!" सगळे एकदम. आता कोण थांबतंय.

"पाणी रस्त्यावर आलं..."

घंटी वाजली. तांबडा दिवा.

"धन्यवाद, मिस्टर टिलरी."

"बाई, मी तर अजून विषयाला हातच घातला नाही."

"सगळ्यांना सारखाच वेळ आहे, सर." आणि माइक बंद झाला. डीकनचे ओठ हलले, पण ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. अध्यक्षबाईंनी कारकून बाईंकडे पाहिलं. "आणखी कार्ड?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. सुनावणी संपली.

नेकची माणसं बाहेर पडली ती ताठ मानेने. डीकन मागे राहिले. ते कारकून बाईंच्या टेबलापाशी गेले. "बाई, माझं राहिलेलं उद्या येऊन सांगितलं तर?"

"सुनावणी आजचीच होती, सर. लेखी म्हणणं द्यायची मुदत काल संपली." त्यांनी समोरचा कागद सरळ केला. डीकनना चष्म्याशिवाय दिसलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं, काय लिहिलंय.

"कार्डं सात. सहा बाजूने, एक विरुद्ध."

"एक? बाई, आम्ही एकेचाळीस होतो. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं, सर." बाईंचा आवाज खाली आला. "पण मला कार्डंच मोजता येतात. बाकीच्यांनी भरली असती तर दोन तास तुमचंच ऐकावं लागलं असतं त्यांना."

बाहेर गाड्यांपाशी डबे उघडले होते. तळलेलं चिकन, रताळ्याची गोड पाई. कुणाच्या चेहऱ्यावर खंत नव्हती.

"घंटी वाजवून थांबवावं लागलं त्यांना!" क्लीओफस सांगत होता. "आणखी एक मिनिट मिळतं तर ती अध्यक्षबाई उठून टाळ्या पिटत होती."

"इंजिनिअरचं तोंड पाहिलंत का? आंबट झालं होतं!"

"डीकन, आज तुमच्यावर देव उतरला होता," म्हणत एका म्हातारीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तिचा हात त्यांनी तसाच राहू दिला. त्यांच्या मनात आलं, या माणसांनी आज मजुरी बुडवली होती, गुडघे दुखत असताना इतक्या लांब आली होती, आणि त्यांची तोंडं मीच बांधून ठेवली. लिओटाचं नावसुद्धा त्या दालनात कुणाच्या कानावर गेलं नाही.

न सांगता गाडीत बसता आलं असतं. नोव्हेंबरात निर्णय लागेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. पण ते गाडीच्या पायरीवर चढले आणि तोंड फिरवून उभे राहिले. लोकांना वाटलं, आता प्रार्थना उचलणार. डबे खाली ठेवले गेले. टोप्या उतरल्या.

"त्यांनी आपल्याला एकच मोजलं," डीकन म्हणाले. "जितकी कार्डं, तितकी माणसं. व्हर्डेलने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

कुणी साथ दिली नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"मी चुकलो," ते म्हणाले, आणि सवयीने थांबले.

मग व्हर्डेल पुढे आली, त्यांच्या कोपराला हात घातला आणि हळूच म्हणाली, "खाली उतरा आता, पायरी अरुंद आहे. आणि दोन घास खाऊन घ्या. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही."

डीकन उतरले. तिने कागदी ताटलीत वाढून दिलं. ते हातात धरून उभे राहिले, आणि आजूबाजूला सगळ्यांनी, कुणाकडे न बघता, निमूट खायला सुरुवात केली.