आपलीच जहाजं

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्कार्बरो गावावर जर्मन जहाजांनी तोफा डागल्या त्याला जेमतेम महिना झाला होता, आणि भरती कचेरीच्या दारावर जाहिरात लागलीसुद्धा: पडकं घर, पुढ्यात एक लहान मुलगी, खाली 'स्कार्बरो आठवा! सैन्यात या!' ती मुलगी काही त्या तोफांच्या माऱ्यात गेलेली थर्झाची धाकटी लेक मेबल नव्हती. मेबलचे केस लाल होते. पण गावाने ती मेबलच ठरवून टाकली, आणि मेबलच्या भावाला जो तो टोचायला लागला. परवा मासळीबाजारात एकाने विचारलंच, "काय सिरिल, बहीण भिंतीवर आणि तू घरात?"

आज सिरिल न सांगता बाहेर पडला, तेव्हा थर्झा काय ते समजली. मासे साफ करायचा एप्रन तसाच अंगावर ठेवून ती धावत सुटली. कचेरीत पोचली तर हा टेबलापाशी उभा.

"वय?" सार्जंटने विचारलं.

"एकोणीस."

"खोटं बोलतोय," थर्झा दारातूनच म्हणाली. "सतराचा आहे."

अठराच्या आतल्याला घेता येत नव्हतं; सार्जंटने लेखणी थांबवली. सिरिलने मात्र मागे वळूनही पाहिलं नाही. "आई, इथून नेलंस तर लीड्सला जाऊन नाव देईन. तिथे मला कोण ओळखतंय?"

पोरगा बोलेल ते करणारा होता.

"अरे, पण का?"

"कड्यावर मी नेलं तिला. तिचा हात माझ्या हातात होता. म्हणून तर तू माझ्या तोंडाकडे बघत नाहीस."

त्या सकाळी तोफांचा आवाज ऐकून अर्धं गाव असंच किनाऱ्याकडे पळालं होतं. आपलं आरमार सराव करतंय, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

"तिला कोट कोणी घातला?" थर्झाने विचारलं.

"तू."

"आणि आपलीच जहाजं आहेत, जा, दाखव तिला, असं कोण म्हणालं? तू तर अंथरुणातून उठत नव्हतास. पांघरूण ओढून मी उठवलं तुला." ती टेबलापर्यंत आली. "तुझा राग नाही रे. तुला तोंड दाखवायची मलाच लाज वाटते."

सिरिल वळला. महिन्याभरात पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. हनुवटीवर वस्तऱ्याचा ताजा काप होता. मोठं दिसायला म्हणून त्याने नसलेली दाढी केली होती.

सार्जंट खाकरला. "वय सांग, पोरा. आता शेवटचं विचारतो."

सिरिल आईकडेच बघत होता.

"सतरा," तो म्हणाला.