बुरशीला लागलेली दृष्ट

शिवरंजनीचं लेकरू बाटलीला तोंड लावत नव्हतं आणि तिची बुरशी चांदी धरत नव्हती. या दोन काळज्यांपायी बाई वाळून काडी झाली होती.

लेकीचं नाव महेश्वरी, दात नुकते फुटायला लागलेले. शिवरंजनी परभणीच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती, म्हणून रोज सकाळी झरीहून एस.टी.नं सासू आणि नात दोघीही तिच्यासोबत यायच्या. सासूबाई शांतम्मा प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात चटई अंथरून बसायच्या आणि लेकरू भुकेजलं की खिडकीवर टकटक करायच्या. आत शिवरंजनीचे कान त्या खिडकीला चिकटलेले. लेकरू रडलं तरी धास्ती, रडलं नाही तर त्याहून जास्त. हातातलं काम टाकून ती काचेतून डोकवायची. छाती हलतेय ना? तोंडावर पदर तर नाही ना आला?

काम तसं सांगायला सोपं होतं. ट्रायकोडर्मा म्हणून एक हिरवट बुरशी असते, शेतकरी पेरणीआधी बियाण्याला चोळतात तीच. ती बटाट्याच्या गोड पाण्यात वाढवायची, धुवायची, शुद्ध पाण्यात मुरत ठेवायची आणि त्या गाळलेल्या पाण्यात चांदीचा क्षार टाकायचा. बुरशीनं सोडलेला अर्क त्या क्षारातून चांदीचे कण घडवतो, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. कण झाले की पाणी तपकिरी होतं. शिवरंजनीचं मात्र दरवेळी धुरकट पांढरं व्हायचं आणि तसंच रुसून बसायचं.

"बुरशीपासून चांदी?" शांतम्मा पहिल्यांदा ऐकून पोट धरून हसल्या होत्या. "मंग सराफानं काय भजे तळावं? भाकरीला बुरशी आली तर आमी गाईम्होरं बी टाकत न्हाई, आन् तू तिला गोड पानी पाजायलीस."

"पिकावरच्या रोगाला औषध होतं आत्या त्याचं." सासूला ती आत्याच म्हणायची.

"व्हऊ दे माय. पर बाळंतिणीसारखी जपतीस गं तिला."

त्या आठवड्यात राजेश्री मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मॅडम तिच्या मार्गदर्शक, बोलायला मऊ पण शब्दाच्या पक्क्या. "महिनाअखेरपर्यंत रंग दिसला नाही तर विषय बदलू. दुसरा विषय शेतावरचा आहे. हंगामभर जिंतूरकडं राहावं लागेल."

शिवरंजनीनं मान हलवली खरी, पण तिला कळून चुकलं. अंगावरचं लेकरू घेऊन शेतातल्या खोलीत राहायचं, की लेकरू ठेवून जायचं? दोन्हीही होणार नव्हतं. म्हणजे शिक्षणच सुटणार होतं. खिडकी उघडी होती. व्हरांड्यात शांतम्मांचे लेकराला थोपटणारे हात थांबले होते.

शनिवारी कॉलेज सुनसान होतं. शिवरंजनीनं नवा अर्क काढला, फ्लास्कमध्ये चांदीचा क्षार ओतला आणि कापसाचा बोळा लावणार तोच टकटक झाली. महेश्वरी किंचाळून रडत होती. हातमोजे काढून ती धावतच बाहेर गेली. डोळ्यांत तेल घालून वागणारी ही बाई, पण फ्लास्क तेवढा उघडाच राहिला.

पाजून, लेकरू निजवून ती आत येते तर शांतम्मा टेबलापाशी उभ्या. तोंडावर रंग नाही. फ्लास्कमध्ये दूध नासावं तशा पांढऱ्या गुठळ्या, आणि वर चार मोहऱ्या तरंगत होत्या.

"आत्या, काय केलंत हे?"

"दिष्ट काढली गं." शांतम्मांची मूठ अजून वळलेली होती. "पोरीसाठी मीठ-मोहऱ्या पदराला बांधलेल्या असत्यात. मनलं, येवढं राबायलीस, बुरशीलाच कुनाची नजर लागली आसंल. ओवाळाया गेले आन् मुठीतनं सांडलं. नासलं का समदं?"

शिवरंजनीच्या तोंडाशी आलेला शब्द कडू होता. पण सासूच्या डोळ्यांत पाणी बघून तिला तो उच्चारता येईना. ती फ्लास्ककडं वाकली, आणि बघता बघता तिचा राग कुठल्या कुठं गेला. हे पांढरं तिच्या ओळखीचं होतं. दरवेळी तेच यायचं, एवढं दाट नाही, पण तेच.

"आत्या, याआधी कधी काढली होती दृष्ट?"

"न्हाई माय, गळ्यातल्या लिंगाची आन! आज पैल्यांदाच."

चांदीच्या क्षाराला मीठ भेटलं की पांढरा साका धरतो, हे तर बारावीच्या पोरालाही ठाऊक असतं. मग आधीच्या फ्लास्कांत मीठ घातलं कोणी? तिनं कोपऱ्यातल्या शुद्ध पाण्याच्या कॅनमधून थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि चांदीच्या क्षाराचे थेंब सोडले. पाणी धुरकटलं.

तिनं प्रयोगशाळेतल्या शिपायाला, बन्सीधरला हाक मारली. "दादा, हा कॅन कुठून भरता?"

"व्हरांड्यातल्या जारमधून की मॅडम. पानी शुद्ध करायचं यंत्र बंद हाय न्हवं! पर हे बी फिल्टरचं हाय, लय गोड पानी. तुमी लेकराला बी तेच पाजता की."

शिवरंजनी कपाळाला हात लावून खालीच बसली. लेकराच्या पाण्यासाठी तिनंच गावभर चौकशी करून व्हरांड्यात तो जार लावला होता. प्यायला ते चोखच होतं. पण त्यात उरलेला मिठासारख्या क्षारांचा अंश चांदीला खपत नव्हता. सगळ्यांकडं संशयानं बघणारीनं 'शुद्ध पाणी' लिहिलेल्या कॅनवर मात्र डोळे झाकून विश्वास टाकला होता.

तिचा नवरा विरेश झरीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायचा. तिनं त्याला फोन लावला. "बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आहे का? मोठा कॅन पाहिजे."

"का गं? अम्माला इन्व्हर्टर बसवायलीस का? तिची बॅटरी तर कधीच उतरत न्हाई."

"आन लवकर, मुडद्या!" शांतम्मा फोनवर ओरडल्या. "पोरीचं काम आडायलंय!"

तासाभरात विरेश कॅन घेऊन हजर झाला. त्या पाण्यात तिनं आधी चांदीचे थेंब सोडून बघितले. काचेसारखं नितळ राहिलं. मग वाढवून ठेवलेली राखीव बुरशी तिनं त्याच पाण्यात धुतली, पुन्हा पुन्हा धुतली, लेकराचे कान-नखं धुवावीत तशी, आणि मुरत ठेवली. अर्क निघाल्यावर क्षार घातला, बोळा लावला आणि फ्लास्क अंधाऱ्या कपाटात ठेवून दिला.

महिना सरायच्या आत तिनं कपाट उघडलं तेव्हा मॅडम शेजारीच होत्या. आतलं पाणी कडक काळ्या चहासारखं तपकिरी झालेलं. मॅडमनी फ्लास्क उजेडात धरून निरखला.

"कण किती मोठे, कसे आहेत, ते यंत्र सांगेल. पण रंग आलाय. विषय तुझाच राहील." मग खिडकीकडं बघून त्या म्हणाल्या, "सासूबाईंना आत बोलाव. त्यांच्यामुळं सापडलं ना?"

शांतम्मा दारातच अडल्या. लेकरू शिवरंजनीच्या हाती देऊन त्यांनी पदराची गाठ सोडली, मीठ-मोहऱ्या व्हरांड्यातच ठेवल्या आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून टेबलापाशी आल्या.

"हीच का ती चांदी? हिला तर चकाकी बी न्हाई."

"कण लय बारीक आहेत आत्या, म्हणून."

"बारीकच आसू दे," शांतम्मा लांबूनच वाकून म्हणाल्या. "वाढंल हळूहळू."

कण वाढू द्यायचे नसतात, बारीक राहण्यातच त्यांचं मोल असतं, हे शिवरंजनीनं सांगितलं नाही. महेश्वरी फ्लास्ककडं झेपावत होती. तिची चिमुकली मूठ तिनं आपल्या हातात धरली आणि म्हणाली, "हो आत्या."