हरणाबाईंच्या चालीनं

साताऱ्याच्या मुख्य कार्यालयातून मंगळवारी सकाळी फोन आला तेव्हा सुभेदार कृष्णात माने हजेरी घेत होते. इस्लामपूरच्या रुग्णालयाचे प्रशासक म्हणून त्यांना अठरा वर्षं झाली होती, आणि त्या अठरा वर्षांत पावणेआठची हजेरी एकदाही चुकली नव्हती. नर्स, सफाई कामगार, स्वयंपाकघरातल्या बायका, सगळे पोर्चमध्ये दोन रांगांत उभे. फौजेतून येताना ट्रंकेबरोबर त्यांनी ही एक सवय आणली होती. पहिले सहा महिने लोक हसले. मग हसायचे थांबले आणि वेळेवर यायला लागले.

फोन राजनंदिनीबाईंचा होता. संस्थेच्या पाचही रुग्णालयांच्या त्या संचालक. पाचगणीला बोर्डिंगमध्ये शिकलेल्या, घरी तीन पिढ्या डॉक्टर, आणि सगळा कारभार आकड्यांवर. कुठल्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या हे त्यांना तिथल्या डॉक्टरांच्या आधी कळे. त्या थेट मुद्द्यावर आल्या. सुभेदार महिनाअखेरीला निवृत्त होणार, त्यांच्या जागी बिरदेवला हंगामी नेमून तीन महिने होत आले. त्याला कायम करायचं की नाही, ते सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवा. तुम्ही नको म्हणालात तर पुण्याहून माणूस येईल.

"एक आकडा मला उलगडत नाही," त्या म्हणाल्या. "चार वर्षांत बिरदेवच्या डायलिसिस विभागातून एकही नर्स सोडून गेलेली नाही. बाकी सगळीकडून जातात. असं काय करतो तो?"

"बघून सांगतो," सुभेदार म्हणाले.

बिरदेव त्यांचा लाडका होता, खोटं कशाला बोला. आटपाडीकडच्या मेंढपाळाचा मुलगा. ब्रदर म्हणून लागला, रात्रपाळ्या करत करत टपालानं रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी घेतली. त्याच्या हाताला शीर सापडली नाही असं कधी झालं नाही. पण सुभेदारांच्या मनात एक खडा होता: या पोराला हुकूम देता येत नाही. कुणाला काम सांगायचं तर हा त्याच्या शेजारी जाऊन बसतो. आवाज चढवत नाही. हजेरीला रांगेच्या पुढं उभं राहायचं तर हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा. अशा माणसाच्या हाती दोनशे माणसं कशी द्यायची?

त्याची परीक्षा आपोआपच आली होती. रविवारी डायलिसिस विभाग एसटी स्टँडासमोरच्या जुन्या इमारतीतून बायपासजवळच्या नव्या इमारतीत हलायचा होता. नऊ यंत्रं, नऊ खाटा, पाण्याचा प्लांट. सोमवारी सकाळी सहाला पहिली पाळी तिथं सुरू व्हायलाच हवी होती, कारण डायलिसिसचा रोगी एक दिवस थांबू शकतो, दोन दिवस नाही. सुभेदारांनी आदल्या दिवशीच, सोमवारी, चार पानी आदेश लिहून काढला होता. कुठलं यंत्र किती वाजता निघेल, किती जण उचलतील, किती जण जोडतील. एकही मिनिट मोकळं सोडलं नाही. बिरदेवनं तो उभ्यानं वाचला, "चांगला आहे साहेब," म्हणाला आणि घडी घालून खिशात ठेवला.

आणि त्या दिवसापासून दुपारी जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायला लागला. तासभर, कधी दीड तास. मोटारसायकल आवारातच उभी. बुधवारी पाण्याच्या प्लांटचा माणूस सांगलीहून आला, तर बिरदेवचा पत्ता नाही. त्याला सुभेदारांनी स्वतः सगळं दाखवलं आणि मनातल्या मनात उत्तर लिहून टाकलं. नको.

गुरुवारी ते त्याच्या मागं निघाले. स्कूटर बायपासच्या वळणावर लावली आणि समोर पाहतात तर रस्त्याच्या कडेनं आष्ट्याच्या हरणाबाई चालल्या होत्या, आणि त्यांच्यामागं दहा पावलांवर बिरदेव रिकामी चाकाची खुर्ची ढकलत होता.

हरणाबाई अडुसष्ट वर्षांच्या. तीन वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीनवर. मुलगा जम्मूला फौजेत, त्यामुळं एकट्याच येत, शेअर भाड्याच्या वडाप जीपनं, पुढच्या सीटसाठी ड्रायव्हरशी भांडून. आता त्या नव्या इमारतीकडून स्टँडाच्या दिशेनं निघाल्या होत्या. थोडं चालल्यावर थांबल्या, हात वर केला. बिरदेवनं खुर्ची पुढं आणली, त्या बसल्या. त्यानं खिशातून खडू काढला आणि डांबरावर रेघ मारली.

सुभेदार पुढं गेले. रस्त्यावर मागं आणखी तीन रेघा होत्या.

"हे काय चाललंय?"

उत्तर हरणाबाईंनी दिलं. "ह्यो म्हणला, आजी, नवा दवाखाना बगायला चला. रिक्षानं नेलं आन् आता चालवतुया. चौथ्यांदा बसले, सायेब. आन् आज माझा मशीनचा दिस बी न्हाई."

सुभेदारांनी मागच्या रेघांकडं पाहिलं. आदेशाच्या पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलं होतं: स्टँडपासून अंतर सव्वा किलोमीटर, रुग्णांना सोयीचं. ते अंतर त्यांनी जीपमध्ये बसून, काट्यावर बघून मोजलं होतं. फौजेत तसंच मोजत. पण फौजेत चालणारा जवान असतो. चार तास मशीनवर पडून रक्त गाळून घेतलेली, चक्कर येत असलेली म्हातारी नसते.

हरणाबाईंना रिक्षात बसवून दिल्यावर दोघं रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर टेकले. बिरदेवनं विचारल्याशिवाय सांगितलं, म्हणजे अर्धं सांगितलं, अर्धं सुभेदारांनी काढून घेतलं. त्याचा आजा केरबा वाड्याचा म्होरक्या होता. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बायका-पोरं, सगळा फिरता संसार. मुक्काम हलवायच्या आदल्या दिवशी आजा एकटा पुढं जायचा. पाणी बघायचा, चारा बघायचा, आणि येताना नुकत्याच व्यायलेल्या मेंढीच्या चालीनं परत यायचा. त्या चालीनं दिवसभरात जिथवर पोचता येईल, तेवढाच दुसऱ्या दिवशीचा टप्पा. दांडग्या मेंढ्यांचा हिशेब कुणी धरत नसे, त्या पोचतातच.

"मग गेले तीन दिवस?"

"पहिले दोन दिवस मी एकटाच चाललो. माझ्या चालीनं काही कळेना. काल वडापच्या अड्ड्यावर होतो. आष्ट्याच्या जीपा स्टँडावर खाली करतात, त्यांना नव्या दारापर्यंत यायला सांगायचं होतं. सात जण तयार झाले. एक उद्या सांगतो म्हणाला."

"मला का नाही बोललास? एक पत्र काढलं असतं."

बिरदेव हसला. आता त्याच्या तोंडी आटपाडी आली. "आवं साहेब, वडापवाली पत्राला येत न्हाईत. च्याला येत्यात."

सुभेदारांनी स्वतःच्या आदेशाची प्रत मागून घेतली. बिरदेवच्या खिशातली. घडी उघडली तर समासात बारीक अक्षरात नावं होती. प्रत्येक यंत्रापुढं, ते हलवणाऱ्या नर्सचं नाव आणि पुढं काही शब्द. 'सृष्टीचं बाळ आजारी, हिला अकरानंतर.' 'प्रांजलची कंबर, खाट उचलायला लावू नये.' वेळ एकही खोडलेली नव्हती. सुभेदारांचं एकही मिनिट त्यानं हलवलं नव्हतं. फक्त त्या मिनिटांत माणसं बसवली होती.

राजनंदिनीबाईंना न उलगडलेल्या आकड्याचं उत्तर हेच, हे सुभेदारांना तिथं मोरीवर बसल्या बसल्या कळलं.

रविवारी सगळं आदेशाप्रमाणे झालं. सुभेदार पोर्चमध्ये घड्याळ धरून उभे होते, आणि त्यांना कबूल करायला हवं, मजा आली.

सोमवारी पावणेसहाला पहिली जीप नव्या दारात येऊन थांबली. पुढच्या सीटवरून हरणाबाई उतरल्या. इमारतीकडं बघितलं, मग पायऱ्यांकडं.

"बिरदेवा, दोन पायऱ्या म्हणला व्हतास. ह्या तीन हायत."

बिरदेवनं मोजल्या. तीन होत्या. रिक्षानं नेलं तेव्हा तो त्यांना मागच्या रुग्णवाहिकेच्या दारानं आत घेऊन गेला होता, पुढचं दार चालून बघायचं राहूनच गेलं होतं. त्याचा चेहरा पडला. सुभेदारांना मात्र फार बरं वाटलं. त्यांनी हातातली फौजी काठी काखेत मारली आणि दुसऱ्या हातानं हरणाबाईंचा दंड धरला.

"चला आजी. तिसरी माझ्याकडनं."

सहाला पहिलं यंत्र सुरू झालं, साडेसहापर्यंत नऊही चालू. पावणेआठला हजेरी झाली, त्या दिवशी सगळ्यांची नव्या पोर्चमध्ये. बिरदेव सवयीनं रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. सुभेदारांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, आणि मग स्वतःच चालत गेले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. समोर कुणीच उरलं नाही. रांगेला क्षणभर काय करावं ते कळेना. मग एकेकानं आपापलं नाव घेतलं, आणि हजेरी झाली.

साडेअकराला त्यांनी साताऱ्याला फोन लावला. राजनंदिनीबाईंनी कालच्या हलवाहलवीचे आकडे विचारले, त्यांनी सांगितले. मग बाईंनी तो प्रश्न विचारला, जो सुभेदारांनीच त्यांच्या डोक्यात कधीतरी घातला होता. हुकूम देता येतो का त्याला?

"नाही येत," सुभेदार म्हणाले. "कायम करा. आणि बाई, कागदावर आणखी एक लिहून घ्या. पुढच्या दाराला उतार बांधायचाय."