बिनआवाजी भांडं

"पटनार नाई कोनाले, बबनराव, पन आमच्या घरचा फ्लश दाबला का पांढरकवड्याच्या हायवेवरचे ट्रक साइड देतेत."

सेवादास दुकानात मांडून ठेवलेल्या एका गुलाबी कमोडच्या झाकणावर मांडी घालून बसला होता. बबनरावांनी पावती फाडता फाडता मान वर न करताच विचारलं, "मंग आरटीओवाल्यायनं पकडलं नाई तुमाले? प्रेशर हॉर्नले बंदी हाय."

"आल्ते ना. बिचारे संडासाचा नंबर लिहून घेऊन गेले."

आर्णीहून पांढरकवडा म्हणजे एसटीनं दोन तासांचा पल्ला, पण सेवादासपुढे हिशेब मांडायचा नसतो. तीस वर्षं त्यानं नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला. त्या रस्त्यावर एकदा एका अस्वलानं त्याला डिप्पर मारायला सांगितलं होतं, आणि एकदा ब्रेक गेलेली गाडी त्यानं नुसत्या शिव्या घालून थांबवली होती. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. सेवादासनं सिमेंट वाहिलं. वाटेत दोघांनीही मालापेक्षा गोष्टीच जास्त उतरवल्या.

आजचं दुखणं मात्र खरं होतं.

मागच्या दिवाळीत त्याच्या बायकोच्या, लालीबाईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून नवराबायको तांडा सोडून आर्णीला बादलकडे, म्हणजे मुलाकडे राहायला आली. तिथे कमोडवर बसायचा संडास होता. पण त्या संडासाची भिंत आणि बैठकीची भिंत एकच. फ्लश दाबला की धरणाचं दार उघडल्यासारखा आवाज व्हायचा आणि बैठकीतली माणसं बोलता बोलता थांबायची. लालीबाईला ते मेल्याहून मेल्यासारखं होई. नातवंडं शाळेत, बादल नि सून संगीता नोकरीवर आणि सेवादास चौकात जाईपर्यंत ती अडून राही. पुढे तिनं सोपा उपाय काढला. पाणी प्यायचंच नाही. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच्या तसा. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, तिनं दोनदा मान हलवली.

त्यात आता रविवारी भावसिंग येणार होता. सेवादासचा थोरला भाऊ, लालीबाईचा जेठ. यवतमाळला मोतीबिंदू काढून आठ दिवस इथेच टेकणार, कारण डोळ्यात वेळच्या वेळी थेंब कोणी घालायचे? तर संगीतानं. झोपणार कुठे? बैठकीत. त्याच भिंतीला लागून.

लालीबाईनं त्याच दिवशी गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

"ते हायेत तोवर मी तांड्यावर राह्यतो," ती म्हणाली.

"तांड्यावर उकिडवं बसा लागते. गुडघ्यात लोखंड घातलं तुह्या."

"लोखंडाचं मी पाह्यन. पंचेचाळीस वर्सं झाले, बादलच्या बाप, जेठानं माहा आवाज आयकला नाई. आता हे भांडं माह्या नावानं बोंबलन?"

हे सेवादासच्या गोष्टीतलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं ती जेठासमोर घुंगट घेऊन वावरली होती. जेवायला बोलवायचं तर ताटावर वाटी वाजवायची. बादलच्या वेळी कळा सुटल्या, तेव्हाही जेठ अंगणात बसलाय म्हणून तिनं ओढणीचा बोळा दातांत धरला होता. आणि भावसिंगही घरात शिरण्याआधी दोनदा खाकरून, पाऊल वाजवून येणारा माणूस. दोघांमध्ये कधी भांडण नाही, कधी शब्द नाही.

न्हाणी-संडास एकातच होते, आणि तिथल्या फरश्या बादल बदलणारच होता. "फरश्या तू पाह्य, भांडं मी पाह्यतो," असं सांगून सेवादासनं ते काम अंगावर घेतलं आणि थैली घेऊन बबनरावांचं दुकान गाठलं.

"बिनआवाजी पाह्यजे," तो म्हणाला, "पन नेभळट नको. गिळाले पाह्यजे."

बबनराव उठले. "भिंतीपासून पाइपाचं तोंड किती इंचावर हाय?"

"नऊ. मोजून आनलं."

"मंग हे तीन पाहा. तिन्ही चांगले."

"चांगले त सबन सांगतेत. चालवून दाखवा."

"ड्रायवर साहेब, हा ट्रॅक्टर होय का? याले पानी जोडेल नाई."

"बादली त हाय ना."

आणि मग आर्णीच्या बाजारपेठेनं कधी न पाहिलेली परीक्षा सुरू झाली. हमालांनी तिन्ही कमोड उचलून मागच्या अंगणात गटारीवर मांडले. सेवादासनं थैलीतून फडकं काढलं आणि सोडलं. आत ज्वारीच्या पिठाचे लांबट गोळे होते, चांगले वीस-बावीस.

बबनराव दोन पावलं मागे सरले. "हे काय हो?"

"मालाशिवाय गाडी टेस्ट करतेत का? बायकोकून मळून आनलं. माशाईले टाकतो म्हनलं."

"अन् तिनं आयकलं?"

"आर्णीत मासे कुठी हायेत, एवढंच इचारलं."

पहिल्या कमोडमध्ये सात गोळे. टाकीत बादली ओतली, बटण दाबलं. गोळे गेले खरे, पण शेजारच्या टायरवाल्यानं डोकावून विचारलं, काय पडलं म्हणून. दुसरा फारच सभ्य निघाला. आवाज नाही, पण तीन गोळे जिथल्या तिथे, पाहुण्यासारखे बसलेले. तिसरा पांढरा, टाकी नि भांडं एकसंध. सेवादासनं बटण दाबून कान लावला. पाणी भोवरा घेऊन गोल फिरलं, खाली ओढलं गेलं आणि शेवटी तान्ह्या पोरानं दूध पिऊन सोडावा तेवढा सुस्कारा आला. आत एक गोळा नाही. सेवादासनं राहिलेले सगळे गोळे एकदम टाकले. तेही गेले. झाकण त्यानं मुद्दाम हातातून सोडून दिलं. ते गळल्या पिसासारखं हळूहळू येऊन टेकलं.

"बांधा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात ट्रक विकत घेतल्याचा थाट होता.

मारोती प्लंबरनं शनिवारी भांडं बसवलं. "शिमिट सुकू द्या, नळीचा कॉक उद्या सकाई खोलून देतो," असं सांगून तो गेला. सेवादासला कुठे दम? त्यानं बादलीनं टाकी भरली, लालीबाईला बैठकीत नेऊन भिंतीला कान लावायला लावला आणि आत जाऊन बटण दाबलं. बाहेर येऊन पाहतो तर ती अजून वाटच पाहत उभी.

"दाबा ना," ती म्हणाली.

"दाबलं."

"खोटं."

त्यानं पुन्हा बादली भरली. या वेळी ती न्हाणीच्या दारात उभी राहिली आणि पाणी फिरताना पाहिलं. त्या संध्याकाळी दाराशी ठेवलेलं गाठोडं सुटलं, लुगडी परत कपाटात गेली आणि जेवणानंतर तिनं तांब्या तोंडाला लावला तो अर्धा करूनच खाली ठेवला. सेवादासनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि उगाच सुपारी कातरत बसला.

रविवारी सकाळी मारोती आला, कॉक खोलून दुसऱ्या कामावर पळाला. अकराच्या सुमाराला बादलच्या गाडीतून भावसिंग उतरला. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, हातात काठी. दारात दोनदा खाकरला. लालीबाईनं घुंगट ओढला, लांबूनच वाकून पाया पडली आणि आत गेली. बैठकीत पलंग टाकलाच होता. संगीतानं थेंब घातले, चहा दिला, आणि दोघे भाऊ तांड्यावरच्या गोष्टी करत बसले. कोणाची तूर पिवळी पडली, कोणाच्या कपाशीत डुकरं शिरली.

लालीबाईनं त्या सकाळी दोन पेले पाणी प्यायलं होतं. साडेबाराला ती भिंतीच्या कडेकडेनं न्हाणीत गेली. सेवादासनं ते पाहिलं आणि बोलता बोलता त्याचं निम्मं लक्ष भिंतीकडे गेलं.

कडी लागली. थोड्या वेळानं बटण दाबल्याची एक बारीक टिचकी, एक सुस्कारा, बस्स. भावसिंग डुकरांबद्दल बोलतच होता. सेवादासची छाती फुगली.

आणि तेवढ्यात भिंतीमागून शिट्टी सुरू झाली.

बारीक, लांबलचक, चढत जाणारी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी जोरात नळीतून खाली येऊन कमोडची रिकामी टाकी भरत होतं. दुकानातही बादलीच ओतली होती आणि घरीही बादलीच. टाकी आपली आपण भरते तेव्हा काय गाते, हे कोणी ऐकलंच नव्हतं. शिट्टी संपेना. न्हाणीच्या आत हालचाल नाही. कडी निघाल्याचा आवाज नाही. सेवादासला न पाहताही दिसलं, की ती आत भिंतीला धरून उभी आहे आणि बाहेर आली तर सरळ कपाटाकडे जाणार आहे.

भावसिंग बोलायचा थांबला. त्यानं मान जराशी वळवली.

"शेजारी कमलाकर मास्तर हायेत ना, भिया," सेवादास घाईघाईनं म्हणाला, "ते बासरी शिकून राह्यले. रिटायर झाल्यावर डाक्टरनं सांगतलं, फुफ्फुसाले चांगली हाय. पह्यले एकच सूर लावा लागते, वर्सभर. परवा त मोठा नाग येऊन बसला त्यायच्या ओट्यावर, आयकाले. मी सोता हाकलला. जाऊन राह्यला नोता, म्हने अजून एक आयकतो…"

"खोटं बोलून राह्यला तू, सेवा," भावसिंग म्हणाला. "माह्या डोयावर पट्टी हाय, कानावर नाई. पानी भरून राह्यलं तुह्या संडासात." मग त्यानं काठी टेकली, भिंतीकडे तोंड केलं आणि आवाज चढवला. "लाली, कडी काढ अन् बाहीर ये. पानी पेत नाई म्हनून बादलनं गाडीत सांगतलं मले. पेत जाय, माय. वाजू दे ते."